फ्लॅशची मान आणि आबांचे डोळे

माझ्या फ्लॅशचं तोंड जिकडे असतं, तिकडे मी फोटो काढत नसते. एवढी साधी गोष्ट आमच्या शहादा तालुक्यातल्या निम्म्या लोकांना अजून कळलेली नाही, आणि खरं सांगू का, कळूही नये. माझं अर्धं कसब त्या न कळण्यावर उभं आहे.

लोक लेन्सकडे बघतच नाहीत. लेन्स काळी, तिच्यात कोणाला काही दिसत नाही. फ्लॅशचं तोंड मात्र पांढरंशुभ्र. ते आपल्याकडे वळलं की फोटो आपलाच निघतोय, ही समजूत इतकी पक्की की ती मोडायला जाण्यात अर्थ नाही. खापरच्या एका लग्नात मी नवरीच्या काकूचा फोटो घेत होते. फ्लॅशची मान मी पूर्ण मागे फिरवली होती, माझ्या खांद्यावरून मागच्या पांढऱ्या कापडाकडे. त्या कापडाच्या पुढ्यात नवरदेवाकडचे पाच-सहा पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. त्यांनी पाहिलं, फ्लॅश आपल्याकडे! झालं. सगळे उठले, टोप्या सारख्या केल्या, छात्या पुढे काढल्या आणि श्वास धरून उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाठ करून काकूचे चार फोटो घेतले तरी ते आपले उभेच. शेवटी एकाला राहवलं नाही.

"वं ताई, आम्हले उभं करं नी फोटो कोन्हा काढी ऱ्हायनी?"

"तुम्हनाच, दादा! हालू नका," म्हटलं, वळले आणि खरोखरच त्यांचा एक झकास फोटो काढला. उभे राहिलेल्या माणसांना बसा म्हणणं मला जमत नाही.

ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फ्लॅश सरळ तोंडावर मारला की माणूस पोलिसांनी टॉर्च मारल्यासारखा दिसतो. नाक चमकतं, कपाळ तेलकट होतं, मागच्या भिंतीवर काळी सावली पडते आणि डोळे एक तर लाल होतात नाहीतर मिटतात. तोच फ्लॅश पांढऱ्या भिंतीकडे किंवा छताकडे वळवला की उजेड तिथे आपटतो, पसरतो आणि मऊ होऊन माणसावर येतो. खिडकीजवळ बसल्यावर चेहरा जसा दिसतो तसा दिसतो. म्हणून फ्लॅशला मान हवी. आणि मान अशी हवी की जी हवी तिकडे वळेल, वळली की तिथेच राहील आणि घाईत धक्का लागला तरी ढळणार नाही.

मी तीन प्रकारच्या माना वापरल्या. माझा पहिला फ्लॅश म्हणजे नुसता ठोकळा, मान नावाला नाही. दुसऱ्याची मान फक्त वर-खाली व्हायची, होय होय म्हणणाऱ्या सुनेसारखी. उभा फोटो घ्यायला कॅमेरा कुशीवर वळवला की त्याचं तोंड छताऐवजी बाजूच्या पाहुण्यांच्या कानात जायचं. तिसरा आला तो डावी-उजवीकडेही फिरणारा. तो घेतला त्या दिवशी मी दुकानात बसून दिवसभर त्याची मान फिरवत होते. गिऱ्हाईक आलं तरी एक हात मानेवरच. बाजूला एक छोटा खटका, तो दाबून धरायचा आणि मग फिरवायचं. ठरावीक अंतरावर टक् टक् असा आवाज यायचा. महिन्याभरात मला न बघता नुसत्या आवाजावरून कळायला लागलं की उजेड कुठे जाणार आहे.

नाही म्हणायला एक खोड होती त्यात. डावीकडे ती मान पार मागेपर्यंत जायची, पण उजवीकडे काटकोनात गेली की थांबायची. तिथे आत काहीतरी आडवं येत होतं. का, ते मला कळेना. म्हटलं, बनवणाऱ्याने आळस केला असणार. एका लग्नात घाईघाईत मी ती उजवीकडून मागे न्यायला गेले, खटकाही न दाबता. कडकन आवाज झाला. मान लुळी पडली, कोंबडीची पडते तशी. उरलेलं लग्न मी एका हाताने फ्लॅशचं डोकं धरून काढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिशवीत घालून कळसाडीला वडिलांकडे नेला.

आबा, म्हणजे माझे वडील, मोटार वाइंडिंग करायचे. कळसाडीत शेताच्या कडेला पत्र्याची शेड, तेच त्यांचं दुकान. कपाशीला, उसाला पाणी देणाऱ्या मोटारी जळाल्या की आसपासच्या गावांतून त्यांच्याकडे यायच्या. जळालेली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, जिथे वेल्डिंग लागेल तिथे वेल्डिंग करायचं. शेडमधल्या तीन भिंती धुराने काळ्या झालेल्या, चौथी मात्र पांढरीफेक. ती ते दर दिवाळीला चुन्याने स्वतः रंगवायचे. बारीक तार हातात धरून बघताना मागे पांढरं असलं की तिचा तुटका धागा दिसतो, म्हणून. घरातली भिंत रंगवायची राहिली तरी चालेल, पण ती भिंत राहता कामा नये.

फ्लॅश त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला होता. पण घाबरतील ते आबा कसले! आधी त्यांनी त्याच्या कंडेन्सरमधली वीज काढून टाकली. "बारीक दिखस, पन मोटारथून वाईट झटका देई हाई," म्हणाले. मग मान उघडली. आतून डोक्याकडे जाणाऱ्या वायरी मला दाखवल्या आणि ती आडवी येणारी खुंटीही दाखवली.

"हाई खुंटी उगाच नही शे. वायर मानमाथून जास. गोल गोल फिरवशी तं वायर पियाईसन तुटी जाई. म्हनीसन त्यासनी आडकाठी ठेयेल शे. तू जोर कसाले लावस? खटका दाब, मंग फिरव."

बनवणाऱ्याला मी आळशी म्हटलं होतं, ते मनातल्या मनात परत घेतलं. आबांनी तुटलेल्या पट्टीच्या जागी पत्र्याची पट्टी कापून बसवली. त्यानंतर तो फ्लॅश माझ्याकडे आणखी कितीतरी लगीनसराया चालला. पुढे दोन्हीकडून मागेपर्यंत वळणारा नवा फ्लॅश घेतला तेव्हा तोही आधी आबांना दाखवला. त्यांनी तो कानाशी धरून मान फिरवली, ऐकलं आणि म्हणाले, "यासनी वायर लांबी ठेयेल शे. हुशार शेतस." माझ्या निवडीवर शिक्का बसला.

आता त्या फिरत्या मानेचा दुसरा उपयोग सांगते, जो कुठल्या माहितीपुस्तकात लिहिलेला नसतो.

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो कोणी काढत नाही. काढा म्हटलं तर घरचेच ओरडतात, "आत्तापासून काय घाई शे?" त्यांच्या मते एकट्याचा सरळ बसवून काढलेला फोटो म्हणजे हार घालायचा फोटो, आणि तो काढणं म्हणजे वाईट बोलणं. मग माणूस जातो. तिसऱ्या दिवशी मुलगा माझ्या दुकानात येतो, खिशातून आधार कार्ड काढतो आणि म्हणतो, "याले मोठा करी द्या, ताई." कार्डावरचा तो नखाएवढा फोटो. त्या फोटोत सगळे सारखे दिसतात, दचकलेले. दोष कोणाचाच नाही, डोळे मोठे उघडा म्हटल्यावर माणूस दचकतोच. तो फोटो ताणून ताणून मी वीतभर करायची, कानामागचा रंग घासायची, अंगात कोट घालायची. तरी भिंतीवर जो लागायचा तो त्यांचा बाप नसायचा.

याचा मला राग यायचा. म्हणून लग्नात मी चोरी करायला लागले. फ्लॅशची मान तिसरीकडेच वळवायची. मांडवातली म्हातारी माणसं बघायची, फ्लॅश भलतीकडे आहे, म्हणजे आपला फोटो नाही. मग ती मोकळी बसायची, विडी काढायची, शेजारणीला चिमटा काढायची, जिलेबी तोंडात टाकायची. आणि मी त्यांना टिपायची. उजेड भिंतीवरून परत यायचा तोवर काम झालेलं असायचं. असले फोटो मी कॉम्प्युटरमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवते. फोल्डरचं नाव 'उघडे डोळे'. पुढे कोणी आधार कार्ड घेऊन आलं की मी म्हणते, थांब जरा, तुझी आई तुझ्या चुलतभावाच्या लग्नात आली होती ना? आणि ती जिलेबी खाताना हसणारी बाई पडद्यावर आली की मोठमोठे बाप्ये माझ्या दुकानात ढसाढसा रडतात. मला त्याचा अभिमान आहे. उगाच नम्रपणा कशाला दाखवू?

आणि या सगळ्या अभिमानाला माझ्या आईने एका सकाळी खाली बसवलं. शेगडीजवळ बसल्या बसल्या ती गेली. दशक्रियेच्या आधी भाऊ माझ्याकडे आला, म्हणाला, "ताई, आईना फोटो काढ तुन्हाथून." मी फोल्डर उघडलं. एकही नव्हता. प्रत्येक लग्नात मी होते, आईही होती. पण आई नेहमी आत, पोळ्यांजवळ, भांड्यांजवळ, आणि मी नेहमी बाहेर, दुसऱ्यांच्या आयांजवळ. दोन-तीन फोटोंत तिचा पदर सापडला, एकात कोपर. मी, मी स्वतः, आईचं आधार कार्ड मोठं केलं. कानामागचा रंगही मीच घासला. भिंतीवर लागलेली ती बाई अजूनही मला आई वाटत नाही. तिच्याकडे बघून नमस्कार करते आणि मान खाली घालते.

आबा त्या फोटोसमोर चार दिवस बसले. पाचव्या दिवशी मला म्हणाले, "मन्हा आधारवाला नको लावजो. त्याम्हा मी मोटार चोरीसन धरायेल सारखा दिखस."

मी हसले. ते हसले नाहीत. "खरं सांगस. तू शे म्हनीसन सांगस. माले उघडा डोया पाहिजेत."

बस, तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. जगात कोणाचाही फोटो मी काढला असता, पण आबांचा कसा काढू? आधार कार्डावरचे ते फाडलेले डोळे सोडले तर आबांचे उघड्या डोळ्यांचे फोटोच नव्हते. माझ्या लग्नातल्या अल्बममध्ये आबा तेवीस वेळा आहेत, मी मोजले. तेवीसही वेळा डोळे मिटलेले आणि ओठ आवळलेले. मला जावयाच्या हाती देतानाही मिटलेले, आणि पाहुणे म्हणतात, बघा, बापाला बघवलं नाही. कसलं बघवलं नाही! वेल्डिंग होतं ते. आबांनी उभी हयात काळी काच न धरता वेल्डिंग केलं होतं. काच धरायला तिसरा हात कुठून आणायचा, असं त्यांचं म्हणणं. ठिणगी पडायच्या आधी डोळे मिटायचे, ही सवय इतकी हाडात गेली होती की कॅमेरा कोणी डोळ्याला लावला की त्यांचे डोळे आपोआप मिटायचे. फ्लॅश असो नसो.

मी काय काय केलं नाही! आधी नेहमीची चोरी करून बघितली. भाच्याच्या साखरपुड्यात फ्लॅशची मान पार मागे वळवली, आबांच्या बाजूला बघितलंही नाही, कॅमेरा हळूच फिरवला. पडद्यावर बघते तर डोळे मिटलेले. मग एक डोळा उघडून आबाच मला म्हणतात, "तोंड तिकडे शे, पन काच आठे शे." दुसऱ्या कोणालाही हे कळत नसे. पण आबांनी ती मान उघडून बघितली होती. सगळ्या तालुक्यात फसणार नाही असा एकच माणूस आणि मला फोटो हवा होता नेमका त्याचाच.

मग म्हटलं, फ्लॅशच्या आपोआप मापणीत दोष असेल. हे फ्लॅश खऱ्या उजेडाच्या आधी एक बारीक उजेड टाकून माप घेतात, आणि काही लोक त्या बारीक उजेडालाच डोळे मिटतात. माप बंद केलं, हाताने आकडा लावला. काही फरक नाही. फ्लॅश काढूनच टाकला, त्यांना दाराजवळ खिडकीच्या उजेडात बसवलं. "आबा, देखा मन्हाकडे." मी कॅमेरा उचलला, त्यांनी डोळे मिटले. एकामागून एक वीस फोटो काढले. वीस मिटलेले. मग मी चिडले, ते चिडले, आणि वहिनीने मध्ये पडून चहा ठेवला. वहिनीला तर हा सगळा प्रकारच पसंत नव्हता. जिवंत माणसाच्या मागे असं लागतात का, म्हणायची.

"लागू दे," आबा म्हणायचे. "तिन्ही हाऊस शे." आणि परत डोळे मिटायचे.

त्यांना मुद्दाम करायचं नव्हतं, हे मला कळत होतं. तेच जास्त झोंबायचं. त्यांनाही तो फोटो हवा होता. मी म्हटलं की ते प्रयत्न करायचे, पापण्या फाडून बघायचे, आणि तेव्हा चेहरा थेट आधार कार्डावरच्यासारखा व्हायचा. त्या वर्षी त्यांचा दम वाढला होता. एक मोटार उचलून दुसरीकडे ठेवायला आता भाऊ लागायचा. मला घाई होती आणि घाई आहे हे कोणाला म्हणता येत नव्हतं.

विचार करता करता एक दिवस लक्षात आलं. अशी एकच वेळ आहे जेव्हा आबा डोळे मिटत नाहीत. काम झाल्यावर, तपासताना. मोटार भरून झाली की ते बटण दाबायचे आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचे. मोटारीकडे नाही, माणसाकडे. मोटार गरगरली की त्या माणसाचा चेहरा उजळतो, तो त्यांना बघायचा असायचा. आवाजावरून त्यांना आधीच कळलेलं असायचं. त्या वेळी त्यांचे डोळे असे असायचे की काय सांगू! सगळी मिजास त्या डोळ्यांत.

म्हणजे मला गिऱ्हाईक व्हायला हवं होतं.

मी आगकाडी घेतली, तिचं टोक मोडलं आणि फ्लॅशच्या खटक्यामागच्या फटीत नखाने दाबून बसवलं. खटका दाबला जाईना, मान फिरेना. काम फत्ते. दुपारी शाळा सुटायच्या सुमारास मी कळसाडीला गेले. आबा शेडमध्ये त्या पांढऱ्या भिंतीशेजारी स्टुलावर बसले होते.

"आबा, मान अटकी गई! उद्या लगीन शे."

शेवटचं वाक्य खोटं होतं. लग्न पुढच्या आठवड्यात होतं. पण उद्या म्हटलं की आबा हातातलं टाकतात, हे मला लहानपणापासून माहीत.

त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि फ्लॅश मांडीवर. मी समोरच्या टेबलावर मोटारीच्या खोक्यावर कॅमेरा ठेवला, सहज ठेवल्यासारखा, काच त्यांच्याकडे. फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब असला तरी पेटावा म्हणून छोट्या डब्यांची जोडी मिळते, एक कॅमेऱ्यावर, एक फ्लॅशखाली. ती मी आधीच लावली होती. तिचं कारण आबांनी विचारलं नाही. कॅमेरा डोळ्याला लावायचा नव्हता, हाताने नुसतं बटण दाबायचं होतं.

आबांनी खटका दाबून बघितला. पुन्हा दाबला. माझ्याकडे न बघता स्क्रू उघडायला घेतले. चार स्क्रू काढले, आत फुंकर मारली, सुईने काहीतरी टोकरलं, डोकं हलवलं. दहा मिनिटं मी कॅमेऱ्याजवळ उभी. काडी खाली पडून तारांच्या कचऱ्यात जाईल, त्यांना दिसणार नाही, अशी माझी आशा. त्यांनी स्क्रू परत बसवले.

"कचरा अडकेल व्हता," म्हणाले.

मग खटका दाबून त्यांनी मान फिरवली. टक्, टक्, टक्. स्वतःच्या हाताने ते पांढरं तोंड भिंतीकडे नेऊन थांबवलं. अगदी तिथेच, जिथे मी नेलं असतं.

"आते देख, चमकस का."

आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबलं. भिंत उजळली, भिंतीवरचा उजेड त्यांच्या डाव्या गालावर आला. डोळे उघडे होते. उघडे म्हणजे असे की त्यात मी होते, भिंत होती, आणि एक बारीक हसू होतं. मला वाटलं, कामाची मिजास. मी लगेच दुसऱ्यांदा बटण दाबलं. दुसऱ्यात मिटलेले.

"चमकना ना?" मिटल्या डोळ्यांनीच विचारलं त्यांनी.

"चमकना, आबा," म्हटलं, आणि मला रडू आलं. त्यांनी विचारलंही नाही, का रडतेस.

त्याच संध्याकाळी मी दुकानात फोटो पडद्यावर घेतला. हाराचा फोटो जसा असतो तसा, खांद्यापर्यंत कापला, मागची भिंत पांढरी होतीच. प्रिंट काढली, फ्रेम केली आणि दुसऱ्या दिवशी कळसाडीला दिली. आबांनी ती हातात धरून लांब नेली, जवळ आणली. "हाऊ मी शे," एवढंच म्हणाले. वहिनीला अपशकुन नको म्हणून फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात वर ठेवली. पण पाहुणा आला की आबा ती काढून दाखवायचे, आणि पाहुण्याचा चेहरा बघायचे.

आबा हिवाळ्यात गेले. घर माणसांनी भरलं तेव्हा कोणी कोणाचं आधार कार्ड शोधलं नाही. भावाने कपाटातून फ्रेम काढली, पुसली आणि आईशेजारी लावली. येणारा जाणारा म्हणत होता, आता बोलतील असं वाटतं. मी एका कोपऱ्यात बसून ते ऐकत होते आणि दुःखात असूनही मला बरं वाटत होतं. आईच्या वेळचं थोडं फिटलं, असं वाटत होतं.

वर्षश्राद्धाच्या आधी भाऊ म्हणाला, दुकानात लावायला एक मोठा फोटो दे, शेडमधल्या पांढऱ्या भिंतीवर. शेड आता तो चालवतो. मोठा म्हणजे चांगला हातभर हवा होता. मी मूळ फोटो काढला, न कापलेला. त्या संध्याकाळनंतर तो मी पूर्ण कधी बघितलाच नव्हता. बघायची गरज काय, चेहरा तर मिळाला होता. आता खालचा भाग पडद्यावर आला. मांडीवर फ्लॅश, मान भिंतीकडे. फ्लॅशवर त्यांचा डावा हात. आणि उजवा हात गुडघ्यावर, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना चिकटवून थोडं वर धरलेलं. चिमटीत काहीतरी होतं. मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

माझी काडी.

कचऱ्यात पडली नव्हती ती. त्यांनी ती काढली होती, ओळखली होती, चिमटीत धरली होती. मग उगाच फुंकर मारली होती, उगाच सुई टोकरली होती, बिघाड नसलेला फ्लॅश दहा मिनिटं दुरुस्त केला होता. समोर काच कुठे आहे ते त्यांना माहीत होतं. फ्लॅशखाली डबी कशाला लावली तेही माहीत होतं. त्यांनी स्वतः उजेड भिंतीवर वळवला, काडी माझ्यासमोर धरली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्या सवयीच्या विरुद्ध, एका फोटोपुरते, पापण्या न फाडता, डोळे उघडे ठेवले. दुसऱ्याला नाही जमलं. एकच जमला, तो मला दिला.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आतल्या आत मोठमोठ्याने रडले. रडता रडता म्हणत होते, आबा, तुम्ही भारी लबाड. मग तोंड धुतलं आणि फोटो छापायला लावला, पूर्ण, हातासकट. हाराचा फोटो खांद्यापर्यंतच असतो हे मला कोणी शिकवायला नको. पण हा मी कापणार नव्हते.

तो आता शेडमध्ये, त्यांच्याच भिंतीवर आहे. भावाने दिवाळीला चुना मारताना फोटो उतरवून पुन्हा लावला. पहिल्यांदा लावला त्या दिवशी वहिनी बराच वेळ खाली उभी राहून बघत होती.

"ताई, त्यासना हातमा काय शे व?"

"मन्ही चोरी," मी म्हटलं. "आबांनी धरेल."